डॉपलर + चेकरबोर्ड: दर फेरीला रक्तप्रवाहाची वाढ कमी होत जातेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नाशिकला फिजिऑलॉजीत एमडी करतेय. थिसिस असा की एकच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं तर मेंदूचा रक्तप्रवाह दरवेळी तेवढाच वाढतो का. एफएमआरआयचा (मेंदूतल्या रक्तातले बदल दाखवणारा स्कॅन) स्लॉट आम्हाला कोण देणार, म्हणून ट्रान्सक्रेनियल डॉपलर, म्हणजे कवटीवरून अल्ट्रासाऊंडने मेंदूच्या धमनीतला रक्ताचा वेग मोजायचा. कानशिलावर २ मेगाहर्ट्झचा प्रोब, पोस्टिरिअर सेरेब्रल आर्टरी पकडायची कारण व्हिज्युअल कॉर्टेक्सला (मेंदूचा बघण्याचा भाग) रक्त मुख्यतः तीच पुरवते (काहींच्या कानशिलाचं हाड इतकं जाड की सिग्नलच येत नाही, त्यांना चहा पाजून परत पाठवायचं).

स्क्रीनवर काळापांढरा चेकरबोर्ड, सेकंदाला ८ वेळा उलटापालटा. ८ का, तर फॉक्स आणि रेचल यांनी १९८४ मध्ये पीईटी स्कॅनवर दाखवलं होतं की साधारण याच वेगाला रक्तप्रवाह सगळ्यात जास्त वाढतो. २० सेकंद पॅटर्न, २० सेकंद नुसता करडा स्क्रीन, असं चालू ठेवायचं.

पहिली फेरी झकास येते, वेग काही सेकंदांत वर चढतो, पॅटर्न बंद केला की उतरतो. पण शेवटाकडे वाढीची टक्केवारी पार बसलेली असते. गाईड म्हणतात हॅबिच्युएशन (सरावाने प्रतिसाद कमी होणं) लिही आणि मोकळी हो. मला पटत नाहीये, कारण पोरं मेसमधून जेवून येतात, बाहेर एप्रिलचं ऊन आणि आमच्या खोलीत एसी अन् अंधार, मग डोळे मिटणारच ना! पेशी सरावल्या, की रक्तवाहिनीच कमी फुलतेय, की नुसती झोप, हे ईईजी (मेंदूतल्या विजेची नोंद) न लावता वेगळं कसं करायचं?

प्रतिसाद: ताई, टक्के कशावर काढता? दर फेरीच्या आधीच्या बेसलाइनवर (करड्या स्क्रीनच्या वेळचा वेग) काढत असाल तर आधी कच्चे आकडे बघा, सेंटीमीटर प्रति सेकंदमधले. शिखर तिथंच आणि तळ वर सरकलेला असेल तरी टक्के कमीच दिसणार, त्यात सरावाचा काही संबंध नाही. पेंग आली की श्वास मंदावतो, कार्बन डायॉक्साइड साठतो, आणि तो १ मिमी पाऱ्याने वाढला तरी मेंदूचा रक्तप्रवाह साधारण ३-४ टक्के वाढतो. म्हणजे कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायॉक्साइड मोजणारं यंत्र) हवाच. स्क्रीनच्या मधोमध नजर रोखायला प्लसची खूण ठेवा, तिचा रंग अधूनमधून बदला आणि बदलला की बटण दाबायला सांगा, कोण जागं आहे ते कळेल. मधेच नवा पॅटर्न टाकून प्रतिसाद परत येतो का बघण्याचा मोह होईल, पण नवं काही दिसलं की पेंगणारा माणूसही जागा होतो, त्यामुळे नुसत्या त्यावर भिस्त नको. आणि तो चहा टेस्टच्या आधी कुणाला देऊ नका, कॅफिनने मेंदूचा रक्तप्रवाह कमी होतो.

धागाकर्ती: चहा फक्त परत जाणाऱ्यांनाच हो 😄 कच्चे आकडे काढले. बऱ्याच जणांत तळच वर गेलाय, तुम्ही म्हणता तसं. पण काहींत शिखरही खाली आलंय, ते उरतंच. आणि एक मायग्रेनवाली मुलगी आहे, तिचं शेवटपर्यंत जवळपास तेवढंच! मायग्रेनमध्ये दोन अटॅकच्या मधल्या काळात व्हीईपीचं (चित्र दिसल्यावर मेंदूत उठणारा विजेचा प्रतिसाद) हॅबिच्युएशन कमी असतं हे वाचलंय, पण ते विजेचं मोजमाप आणि माझं रक्ताचं, आणि एकीवरून काय बोलणार. तिला वेगळं ठेवू की ग्रुपमध्येच? आणि ॲनेस्थेशियावाले कॅप्नोग्राफ दुपारी तासभर द्यायला तयार आहेत, जाग्या माणसाला नाकाची नळी लावून रीडिंग नीट येतं का, कुणी केलंय?