बेन्नूच्या मातीतला कार्बन आणि आपल्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब

प्रश्न – मृदगंध
नमस्कार. मी कृषी पदविकेच्या विद्यार्थ्यांना मृदाशास्त्र शिकवते. ‘ओसायरिस-रेक्स’ यानाने बेन्नू या लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये पाठवलेल्या १२१.६ ग्रॅम नमुन्यात वजनाने सुमारे ४.७ टक्के कार्बन आढळला, हे वाचून एका विद्यार्थ्याने विचारले, की माती परीक्षण अहवालात सेंद्रिय कर्ब (म्हणजे सेंद्रिय कार्बन) ०.७५ टक्क्यांवर गेला तरी आपण तो ‘जास्त’ धरतो, तर मग बेन्नूची माती आपल्या काळ्या जमिनीहून सुपीक मानायची का? माझीही एक शंका आहे. बेन्नू धूमकेतूसारखा खडे उधळतो, तरी त्याला लघुग्रह का म्हणतात?

उत्तर – ध्रुवमत्स्य
ताई, आधी तुमच्या शंकेकडे वळतो. जानेवारी २०१९ मध्ये यानाच्या दिशादर्शक कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रांत बेन्नूच्या कडेजवळ ताऱ्यांव्यतिरिक्त अनेक ठिपके दिसले. ते पृष्ठभागावरून सुटलेले खडे होते आणि त्यांतले बरेचसे पुन्हा बेन्नूवरच पडले. धूमकेतूत बर्फाची वाफ होते आणि ती धूळ घेऊन बाहेर पडते. बेन्नूवर मात्र दर ४.३ तासांनी येणाऱ्या दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकाने खडक तडकणे आणि सूक्ष्म उल्का आदळणे, ही कारणे अधिक संभाव्य मानली जातात. उलट, लघुग्रहांच्या पट्ट्यातच फिरणाऱ्या २३८पी/रीड या धूमकेतूभोवती जेम्स वेब दुर्बिणीला खरोखरच पाण्याची वाफ सापडली, पण अपेक्षित असलेला कार्बन डायऑक्साइड सापडला नाही. असे खडे वा धूळ उधळणाऱ्या लघुग्रहाला ‘सक्रिय लघुग्रह’ म्हणतात, पण ते केवळ वर्तनाचे वर्णन आहे. त्या वर्तनामागचे कारण प्रत्येक पिंडासाठी स्वतंत्रपणे शोधावे लागते.

उत्तर – परीक्षानळी
विद्यार्थ्याचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण या दोन आकड्यांची मोजणीच वेगळी आहे. सेंद्रिय कर्ब मोजण्याच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत आपण मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करतो व उरलेले डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजतो. दर्शकामुळे आलेला निळसर जांभळा रंग एका थेंबासरशी हिरवा झाला, की वाचन घेतो. यात चुनखडीतला कार्बन धरला जात नाही. बेन्नूचा आकडा एकूण कार्बनचा आहे. त्यात कार्बोनेट खनिजेही येतात आणि पाण्यात वा द्रावकांत न विरघळणारे जटिल सेंद्रिय पदार्थही येतात. शिवाय आपल्या जमिनीतला कर्ब मुळे, शेणखत आणि पिकांचे अवशेष यांतून येतो, आणि जिवाणू तो कुजवतात तेव्हा पिकाला नत्र मिळते. बेन्नूवर हे चक्रच नाही. तेथे सजीवांच्या प्रथिनांतील २० पैकी १४ अमिनो आम्ले सापडली, पण त्यांची डावी आणि उजवी (एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखी) रूपे जवळजवळ समप्रमाणात आहेत. सजीवांनी ती घडवली असती, तर डाव्या रूपांचे स्पष्ट आधिक्य दिसले असते.

मृदगंध
दोघांचेही मनापासून आभार. नमुन्यात अमोनिया भरपूर असल्याचे वाचले आहे. मग निदान नत्राच्या बाबतीत तरी ती माती उपयोगी ठरेल का?

परीक्षानळी
नत्राचा स्रोत म्हणून अमोनिया उपयोगी खराच. मात्र त्याच नमुन्यात खाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन उरलेले क्षारही सापडले आहेत आणि त्यांत सोडियम कार्बोनेटे आहेत. त्यांचे प्रमाण अल्प असले, तरी आपल्याकडची जमीन चोपण (सोडियममुळे कडक व निचरा न होणारी) होते ती याच जातीच्या क्षारांमुळे, त्यामुळे नत्राबरोबर सामू (आम्ल-विम्लता) आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना धरून राहिलेले) सोडियमही विद्यार्थ्यांना विचारात घ्यायला सांगावे.