ऑफिसने दिलेला ईमेल पत्ता : नाव आपलं, मर्जी त्यांची

गेल्या महिन्यात नोकरी बदलली. पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळाला, ओळखपत्र मिळालं आणि एका चिठ्ठीवर ईमेल पत्ता. पाहते तर आडनावाची पाच अक्षरं आणि नावाची दोन. आडनाव मधेच तुटलेलं, नाव सुरू होता होता संपलेलं. आयटीच्या मुलाला म्हटलं, "हे जरा नीट करता येईल का?" तो म्हणाला, "मॅडम, सिस्टिमच तसं बनवते." तेव्हापासून फोनवर रोज एकेक अक्षर सांगतेय. "व्ही, विजयचा व्ही. नाही हो, बी नाही." आधीच्या ठिकाणी नाव, डॉट, आडनाव असा सरळ पत्ता होता. अकरा वर्षांत त्याच्याकडे कधी लक्षही गेलं नाही. चप्पल चावायला लागली की पायाकडे लक्ष जातं, तसं झालंय.

'अमुक अ‍ॅट तमुक' ही रीत १९७१ सालची. रे टॉमलिन्सन यांना माणूस आणि त्याचा संगणक यांच्यामध्ये एखादी खूण हवी होती, कोणाच्याही नावात न येणारी. त्यांनी कीबोर्डवरचं अ‍ॅट उचललं. त्याच्या डावीकडे काय असावं, हे तेव्हाही तो संगणक चालवणाऱ्यावर सोडलेलं होतं आणि आजही तसंच आहे. म्हणजे आपलं नाव कसं लिहायचं ते ठरवणारा कोणीतरी वेगळाच.

तर सांगा, तुमच्याकडे पत्ता कसा ठरतो? कोणी विचारलं होतं का? आवडतो का? कंपनीचं नाव नको, किस्सा चालेल.

* * *

आमच्याकडे नावाचं पहिलं अक्षर आणि त्याला चिकटून आडनाव, मध्ये डॉटसुद्धा नाही. माझं नाव 'डी'वरून, आडनाव राणे. इंग्रजीत जोडून लिहा आणि वाचा. ड्रेन. पहिल्याच आठवड्यात एका ग्राहकाने फोनवर "मिस्टर ड्रेन आहेत का?" असं विचारलं. तेही सोसलं असतं, पण शेजारच्या टेबलावरच्या बाईही राणेच, आणि त्यांचं नाव 'बी'वरून. त्या ब्रेन. आम्हा दोघांना मिळून मेल गेला की साहेब म्हणतात, "ब्रेन आणि ड्रेन, दोघांनाही पाठवलंय." सात वर्षं हा विनोद चालू आहे आणि साहेबांना तो दर वेळी नव्याने सुचतो.

* * *

हसू आलं आणि माझी पहिली नोकरी आठवली. जुनं युनिक्स मशीन. लॉगिनला आठच अक्षरं आणि लॉगिन हाच मेलचा पत्ता. नियम असा : आडनावाची पहिली सात, मग नावाचं एक. मी कुलकर्णी, नाव 'एस'वरून. इंग्रजी स्पेलिंग नेमकं आठ अक्षरांचं, म्हणजे शेवटचा 'आय' उडाला आणि त्याच्या जागी 'एस' येऊन बसला. कुलकर्न्स! अख्खं खानदान एका पत्त्यात राहतंय असं वाटायचं.

खरी मजा पुढेच. वर्षभराने एक मुलगी लागली. आडनाव कुलकर्णीच, नाव 'आय'वरून. आडनावाची सात अक्षरं, आठवा तिचा 'आय', आणि पत्ता तयार झाला तो पूर्ण, अखंड, शुद्ध कुलकर्णी. खात्यात आम्ही पाच कुलकर्णी होतो. ज्याला कुठलाही कुलकर्णी हवा असे, तो सरळ आडनाव टाइप करी आणि मेल तिच्याकडे जाई. नोकरीला महिना झाला नसेल, ती आमची पोस्टमास्तर झाली. माझी रजा मंजूर झाल्याचं मला तिनेच सांगितलं. नामंजूर झाल्याचंही, एकदा.

* * *

मी थोडं वेगळं लिहिते.

लग्नानंतर पगाराचं खातं बदलायचं होतं म्हणून एचआरकडे कागद दिले. सोमवारी लॉगिन करायला गेले तर जमेना. तीनदा पासवर्ड टाकला, खातं लॉक झालं. मग कळलं की माझा पत्ताच बदललाय. नवं आडनाव. कोणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. उलट आयटीतून अभिनंदन आलं.

नऊ वर्षं बाहेरचे लोक मला जुन्या पत्त्यावर ओळखत होते. तो म्हणे ९० दिवस चालू ठेवणार होते. रोजचे लोक ९० दिवसांत सावरले. वर्षातून एकदाच मेल करणारे कसे सावरतील? एका जुन्या ग्राहकाचा मेल परत गेला, त्यांनी धरून चाललं की मी सोडून गेले, आणि ते काम दुसरीकडे गेलं. मला हे आठ महिन्यांनी कळलं, तेही योगायोगाने.

पुढे काही वर्षांनी आम्ही वेगळे झालो. पत्ता पुन्हा पहिल्यासारखा करून घ्यावा असं कितीदा वाटलं. पण त्या फॉर्मवर 'बदलाचे कारण' असा रकाना आहे. पर्याय तीन : विवाह, स्पेलिंगमधील चूक, इतर. 'इतर' निवडलं की पुढे लिहावं लागतं, आणि तो फॉर्म चार टेबलांवरून फिरतो. नाही केला. ज्या माणसाशी मी बोलत नाही, त्याचं आडनाव दिवसातून वीस वेळा टाइप करते.

* * *

वरचं वाचून आमच्या जमातीच्या वतीने अंग चोरून बसलो होतो, पण आता बोलतोच. मी वीस वर्षं मेल सर्व्हर सांभाळतोय.

एक, "सिस्टिमच तसं बनवते" हे अर्धसत्य आहे. सिस्टिमला ते कोणीतरी सांगितलेलं असतं, आणि सांगणारा बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो. ईमेलच्या नियमांप्रमाणे अ‍ॅटच्या डावीकडे ६४ अक्षरं मावतात. कात्री लागते ती दुसऱ्याच ठिकाणी. विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या लॉगिन नावाला २० अक्षरांची मर्यादा आहे, आणि लॉगिन व मेल एकच ठेवला की आडनावं तुटतात. धागाकर्त्या मॅडमचा पाच अधिक दोनचा हिशोब तर त्याहून जुन्या कुठल्यातरी मशीनचा असणार. मशीन भंगारात गेलं, नियम राहिला.

दोन, आणि हे त्या ताईंसाठी. एका मेलपेटीला अनेक पत्ते लावता येतात. जुना पत्ता त्याच पेटीचं उपनाव म्हणून ठेवला की दोन्हीकडचे मेल एकाच ठिकाणी येतात. त्याला सहसा वेगळा परवाना लागत नाही, जागाही लागत नाही. ९० दिवस हा आकडा कोणीतरी हवेतून काढलाय. तो फॉर्म भरूच नका. आयटीला थेट तिकीट, म्हणजे कामाची लेखी विनंती, टाका : "आधीचा पत्ता मुख्य करा, आताचा उपनाव म्हणून ठेवा." कारण लिहायची गरज नाही. आम्हाला कारण लागत नाही, तिकीट क्रमांक लागतो.

तीन, गेलेल्या माणसाचा पत्ता नव्याला कधीही देऊ नये. मी एकदा दिला. नव्या मुलाला जुन्या माणसाचे वैद्यकीय अहवाल यायला लागले, आणि पासवर्ड बदलायच्या लिंकाही. तो प्रामाणिक होता म्हणून वाचलो. तेव्हापासून आमच्याकडे पत्ता माणसाबरोबर जातो.

* * *

मला आडनाव नाही. कागदोपत्री एकच नाव. फॉर्म आडनावाशिवाय पुढे सरकेना, तेव्हा एचआरने त्या चौकटीत फुलस्टॉप टाकला. नाव, डॉट, आडनाव या साच्यातून पत्ता निघाला : नाव, डॉट, डॉट. ईमेलमध्ये लागोपाठ दोन डॉट चालत नाहीत, शेवटी एक डॉटही चालत नाही. त्यामुळे सर्व्हरने मला नाकारलं. तीन दिवस मी नोकरीत होतो, पण मेलमध्ये नव्हतो. शेवटी आडनावाच्या जागी पुन्हा नावच घातलं. आता माझा पत्ता वाचला की कोणीतरी लांबून मला हाका मारतंय असं वाटतं.

* * *

आमच्या पत्त्यांच्या आधी 'ईएक्सटी' लागतं. एक्स्टर्नल. चार वर्षं त्याच मजल्यावर, त्याच कामावर, पण पत्त्यात बाहेरचे. अक्षरांच्या क्रमाने यादी लावली की आम्ही सगळे कंत्राटी 'ई'खाली एका ओळीत उभे. ग्राहक विचारायचे, "तुम्ही नक्की कंपनीचेच ना?" कायम झालो त्या दिवशी ती तीन अक्षरं गेली. पगार किती वाढला ते नंतर पाहिलं, आधी स्वतःचा पत्ता दोनदा वाचला. अर्थात नवी पेटी दिल्यामुळे चार वर्षांचे मेलही गेले, पण तो राग वेगळा.

* * *

पाटील. नावही चारचौघांत असतं तसंच. मी चौदावा. म्हणजे नाव, डॉट, पाटील, १४. बिनआकड्याच्या मूळ पाटलांचे मेल मला येत नाहीत, माझे मात्र त्यांना जातात. कारण लोक तीन अक्षरं टाइप करतात आणि पहिला दिसेल त्याला पाठवून मोकळे होतात. ते मोठ्या हुद्द्यावर होते. माझ्या "सर, आज जरा उशीर होईल" याला कोणी नवा मेल करून दिलेले उत्तर ते वाचत आणि मुकाट्याने मला पुढे पाठवत. एकदा स्वतःची एक ओळ घालून : "रोज कसा उशीर होतो?"

ते निवृत्त झाले तेव्हा मला विचारलं गेलं, आकडा काढायचा का? नको म्हटलं. चौदा अंगवळणी पडलाय.

* * *

आम्ही सहा जण होतो तेव्हा नुसतं नाव पुरायचं. आता चारशे आहेत आणि नुसत्या नावाचे पत्ते असलेले आम्ही चारच उरलोय. नवीन पोरं पत्ता पाहून अदबीने बोलतात. माझा हुद्दा त्यांच्याएवढाच आहे, हे मी सांगत बसत नाही.

* * *

विद्यापीठात शिकलो, तिथेच शिकवायला लागलो. पत्ता विद्यार्थी असतानाचाच राहिला, नावापुढे रोल नंबरासकट. माझे विद्यार्थी तो पाहून माझी बॅच काढतात आणि वय मोजतात.

* * *

माझ्या नावात 'ज्ञ' आहे. डी-एन-वाय लिहू, जी-वाय लिहू की जे-एन? ओळखपत्रावर एक, पगारपत्रकावर दुसरं, ईमेलला तिसरं. देवनागरीत पत्ता असता तर प्रश्नच मिटला असता. २०१२ पासून ईमेलच्या नियमांत तशी सोय आहेही. हौसेने खाजगी देवनागरी पत्ता काढला, तर चारपैकी तीन फॉर्म म्हणाले, "कृपया वैध ईमेल लिहा." ऑफिसात विषय काढायची हिंमत झाली नाही.

* * *

तुम्हा सगळ्यांना निदान तुटकं का होईना, नाव तरी आहे. मी सहा वर्षं 'सपोर्ट' होते. फक्त सपोर्ट. १९९७ साली इंटरनेटवाल्यांनी कामावरून ओळखायच्या पत्त्यांची एक यादीच ठरवून दिली होती, तीत इन्फो, सेल्स यांच्याबरोबर हेही आहे. माणसं बदलली तरी पत्ता तोच राहावा, हा त्यामागचा विचार. पटतो मला. पण एक आजोबा दर दोन-तीन महिन्यांनी लिहायचे, सुरुवात "प्रिय सपोर्ट, कशा आहात?" अशी. मी बाई आहे हे त्यांनी कशावरून ओळखलं कोण जाणे. मी खाली नाव लिहायचे, तरी पुढच्या वेळी पुन्हा प्रिय सपोर्टच. नोकरी सोडली तेव्हा त्यांना वेगळं कळवावं का, यावर दोन दिवस विचार केला. नाही कळवलं. माझ्या जागी आलेला मुलगा सांगतो, त्यांचे मेल चालू आहेत. आणि आता ते "कसे आहात?" लिहितात.

* * *

वर लग्न आणि आडनावाबद्दल लिहिलं ती मीच. मेल सर्व्हरवाल्या दादांनी सांगितलं तसं तिकीट टाकलं. कोणी काही विचारलं नाही. आज सकाळी जुना पत्ता परत आला. पहिला मेल माझाच मला, पोचतोय का बघायला. पोचला.

* * *

छान झालं, ताई. पण आतल्या आत पाठवलेला बहुतेक वेळा पोचतोच. एकदा बाहेरच्या पत्त्यावरून पाठवून बघा, आणि लग्नानंतरच्या आडनावाचा पत्ता उपनाव म्हणून लागलाय का तेही. तिकीट तोवर बंद करू देऊ नका.