दर 1, 11, 21 तारखेला सकाळी अ‍ॅप रांगतंय, मोठं मशिन घेऊ की कुबरनेटिस?

फॅट_एसएनएफ
नमस्कार मंडळी. कोल्हापूरकडचा आहे, आम्ही दोघं मिळून दूध संकलनाचं सॉफ्टवेअर चालवतो, 40 एक संस्था आणि 9 हजाराच्या आसपास उत्पादक. सकाळी साधारण साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी तेवढाच वेळ लोड असतो, लिटर-फॅट-एसएनएफची (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) नोंद येते, दर लागतो, उत्पादकाला मेसेज जातो, बास. बाकी दिवसभर सामसूम.
जॅंगो अ‍ॅप आहे, एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजनमध्ये एक टी2.स्मॉल मशिन, डेटाबेस आरडीएसवर (त्यांचीच डेटाबेस सेवा) पोस्टग्रेस. रोज व्यवस्थित चालतं पण महिन्याच्या 1, 11 आणि 21 ला पहाटेपासून जे रांगायला लागतं ते नऊ-साडेनऊपर्यंत, संस्थेचे सचिव फोन करून करून जीव घेतात, रांगेत किटल्या घेऊन माणसं उभी असतात हो. मशिन स्टॉप करून स्टार्ट केलं की अर्धा तास मख्खन आणि परत तेच. दहा दिवसांची बिलं आदल्या रात्री निघतात, पण ती रात्री दीडलाच सुरू होतात, पहाटेशी संबंध नसावा असं मला वाटतंय.
पार्टनर म्हणतोय कुबरनेटिसवर (बऱ्याच मशिनवर मिळून अ‍ॅप चालवायची व्यवस्था) जाऊया. बिल आत्ताच महिन्याला 140 डॉलरच्या घरात जातंय वर 18 टक्के जीएसटी, एवढ्याशा अ‍ॅपला हे जास्त वाटतं. काय करू?

लॉगबघ्या
भावा कुबरनेटिसचं नाव पण काढू नको. ईकेएसचा (एडब्ल्यूएसचं कुबरनेटिस) नुसता कंट्रोल प्लेन, म्हणजे सगळं हाकणारा भाग, तासाला 10 सेंट, म्हणजे महिन्याला 73 डॉलर, आणि त्यात अजून एक पण मशिन धरलेलं नाही. एका मशिनच्या अ‍ॅपला दोन माणसांनी ते सांभाळायचं म्हणजे म्हशीपेक्षा गोठा महाग.
मला वास येतोय सीपीयू क्रेडिटचा. क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसचे ग्राफ नि लॉग तिथे असतात) जा, त्या मशिनचा सीपीयूक्रेडिटबॅलन्स हा ग्राफ काढ, 10 तारखेच्या संध्याकाळपासून 11 च्या दुपारपर्यंत, आणि इथे सांग काय दिसतंय. आणि बिलं काढणारा जॉब कुठल्या मशिनवर चालतो तेही.

फॅट_एसएनएफ
त्याच मशिनवर क्रॉनला (ठरल्या वेळी जॉब आपोआप चालवतो तो) आहे, दुसरं मशिन आहेच कुठे. 9 हजार पीडीएफ बनवतो, पूर्वी पावणेचार तास लागायचे, आता किती लागतात ते कधी बघितलंच नाही खरं सांगायचं तर.
ग्राफ काढला. रात्री दीडला 130 होता, तिथून सरळ उतरत चार वाजून दहा मिनिटांच्या सुमारास शून्य. मग सकाळभर शून्यावर पडून.

लॉगबघ्या
सापडलं मग. नीट सांगतो कारण ह्यात बरेच जण फसतात.
टी सिरीजचं मशिन पूर्ण सीपीयू तुला भाड्याने देत नाही. टी2.स्मॉलची बेसलाइन, म्हणजे कायम मिळणारा वाटा, 20 टक्के. त्याच्या वर वापरायचं तर साठवलेली क्रेडिट जाळायची, एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू) एक मिनिट शंभर टक्के. तासाला 12 क्रेडिट जमा होतात, जास्तीत जास्त 288 साठतात. तुझी सकाळ-संध्याकाळ मिळून रोज चार तास फुल्ल धरले तर 240 खर्च आणि 288 कमाई, जेमतेम भागतं म्हणून तुला रोज काही जाणवत नाही.
आता 10 ची रात्र. जॉब तासाला 60 जाळतो, 12 येतात, म्हणजे 48 ची घट, 130 ला भागून बघ, पावणेतीन तासात खडखडाट. तुझ्या ग्राफशी जुळतंय बघ बरोबर. तेव्हा जॉबचं तासाभराचं काम उरलेलं असतं, पण मशिन आता 20 टक्क्यावर, त्यामुळे त्या एका तासाचे झाले पाच. सव्वाचारपासून सव्वानऊ. संकलन सुरू होतं तेव्हा तुझा जॉब अजून संपलेलाच नसतो, दोघं मिळून त्या 20 टक्क्यात मारामारी करतायत.
आणि स्टॉप-स्टार्टने बरं का वाटतं? टी2.स्मॉलला प्रत्येक स्टार्टला 30 लाँच क्रेडिट मिळतात. 30 क्रेडिट म्हणजे 30 मिनिटं. तुझा "अर्धा तास मख्खन" तो हाच.

फॅट_एसएनएफ
अरे देवा. गेलं वर्षभर मी पोस्टग्रेसचे इंडेक्स तपासत बसलोय.

नवखा_देव
तो जॉब एडब्ल्यूएसच्या लॅम्डावर टाका ना, सर्व्हर पण नको आणि कटकट पण नको

पाचगणीची_ताई
लॅम्डा 15 मिनिटांत बंद पडतं, पावणेचार तासांचा जॉब जसाच्या तसा तिथे बसणार नाही. एकेका संस्थेचं काम वेगळं तोडून क्यूमध्ये टाकलं तर बसेल, पण त्याआधी पीडीएफला दीड सेकंद का लागतोय ते बघा, बहुतेक प्रत्येक उत्पादकासाठी टेम्प्लेट नि मराठी फॉन्ट नव्याने लोड होत असणार. आमच्याकडे नेमकं तेच निघालं होतं, फॉन्ट एकदाच लोड केल्यावर रात्रभराचं काम चहा होईपर्यंत उरकायला लागलं.
येत्या तारखेपुरती मलमपट्टी हवी असेल तर चालू मशिनवरच अनलिमिटेड मोड (क्रेडिट संपली तरी पूर्ण वेग, जास्तीचे पैसे) ऑन करा, मशिन बंद करायला लागत नाही. जास्तीच्या वापराला व्हीसीपीयू-तासाला 5 सेंट पडतात, तुमच्या केसमध्ये किरकोळ. नंतर सवडीने टी3.स्मॉलवर या, दोन व्हीसीपीयू मिळतात, क्रेडिट तासाला 24, आणि अनलिमिटेड तिथे आधीपासून ऑनच असतं. फक्त फार जुन्या इमेजवरून मशिन बनवलेलं असेल तर ईएनए नि एनव्हीएमईचे (नेटवर्क नि डिस्कचे) ड्रायव्हर आहेत का बघून घ्या, नाहीतर टाइप बदलल्यावर मशिन उठतच नाही आणि तुम्ही बसता कपाळाला हात लावून. आधी स्नॅपशॉट घेऊन कॉपीवर ट्राय करा.
बिलाचं सांगा, 140 कशाकशाचे? मशिन तर 18 च्या आसपास असेल.

फॅट_एसएनएफ
ताई सविस्तर काढलं. ईसीटू-अदर म्हणून एक ओळ आहे, तीच 80 च्या वर. आत गेलो तर नॅट गेटवे (आतल्या मशिनला बाहेर इंटरनेटवर जायचं दार), दोन नग. सुरुवातीला एक ट्युटोरियल बघून नेटवर्क बनवलेलं त्यात दोन झोनला दोन होते, मी पण दोन केले.

पाचगणीची_ताई
मशिन एक आणि नॅट दोन! म्हणजे मशिनच्या चौपट पैसे त्याला बाहेर इंटरनेट दाखवायला. मुंबईत एक नॅट महिन्याला 40 डॉलर नुसता उभा राहायचे घेतो, वर जीबीमागे वेगळे, म्हणजे तुमच्या पीडीएफ एसथ्रीला (एडब्ल्यूएसची फाइली ठेवायची जागा) जातात त्याही त्याच दारातून टोल भरून जातायत. एसथ्रीचा गेटवे एंडपॉइंट लावा, म्हणजे नॅट टाळून थेट वाट, तो फुकट आहे, पाच मिनिटांचं काम. मशिन नसलेल्या झोनमधला नॅट आजच उडवा, फक्त रूट टेबलमध्ये कुठली वाट त्याच्यातून जात नाही ना ते बघून. दुसरापण काढायचा तर मशिन पब्लिक सबनेटमध्ये (थेट इंटरनेटला जोडलेल्या भागात) घ्या आणि सिक्युरिटी ग्रुप (फायरवॉल) घट्ट ठेवा, पब्लिक आयपीला 1 फेब्रुवारी 2024 पासून पैसे लागतात पण ते महिन्याला साडेतीन-पावणेचार डॉलर, 40 नाही. मोठ्या कंपनीत असं करू नका म्हणतील, बरोबरच आहे त्यांचं, तुम्ही मोठी कंपनी नाही.
22 नंबरचा पोर्ट (दुरून लॉगिन करायचा, एसएसएचचा) सगळ्या जगाला उघडा असेल तर तोही बंद करून सेशन मॅनेजर वापरा. आणि क्लाउडवॉच लॉगची रिटेन्शन बघा, मुळात ती "कधीच संपू नये" अशी असते, 30 दिवस करा.
बजेट अलर्ट लावाच, पण तो फक्त ओरडतो, काही बंद करत नाही, आणि आकडे काही तास मागे असतात.

रात्रपाळी_बर्लिन
उशिरा आलो, इथे आत्ता जेवणं झाली. एक वेगळाच प्रश्न, सर्व्हरचा टाइमझोन काय आहे? यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. जी संस्था सव्वापाचला संकलन चालू करते तिचं पहिल्या पंधरा मिनिटांचं दूध आदल्या दिवसात पडत असेल, आणि 11 तारखेला ते आदल्या बिलाच्या हिशोबात. कोडमध्ये दिवस कसा काढताय बघा. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच ठेवा, पण "आजचा दिवस" एशिया/कोलकाता लावूनच काढा.
अजून एक, अ‍ॅप बसल्यावर संकलन केंद्रावरचे पीसी काय करतात? सगळे दर पाच सेकंदांनी परत पाठवत राहिले तर अ‍ॅप उठल्या उठल्या पुन्हा झोपतं. थांबायचा वेळ दरवेळी दुप्पट करा, त्यात थोडं कमी-जास्त रँडम घाला, आणि प्रत्येक नोंदीला केंद्रावरच युनिक आयडी द्या, नाहीतर एकाच किटलीचं दूध दोनदा जमा होतं आणि त्याची तक्रार मात्र कुणी करत नाही 😄

फॅट_एसएनएफ
बर्लिनवाले, दोन संस्थांचं लिटर दर दहा दिवसांनी थोडं इकडेतिकडे व्हायचं, आम्ही सचिवालाच बोल लावत होतो. यूटीसीच आहे. माफी मागायला जावं लागणार.
अनलिमिटेड ऑन केलं, एक नॅट उडवला, एंडपॉइंट लावला. डिप्लॉय अजून गिट पुल करून सर्व्हिस रीस्टार्ट असंच करतो, त्याचं काही?

लॉगबघ्या
चालू दे सध्या, दुपारी 11 ते 4 मध्येच करत जा, एवढी हक्काची सामसूम कुणाच्या नशिबात असते. मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) मात्र जपून, आधी नवीन कॉलम टाक, मग कोड, जुना कॉलम पुढच्या खेपेला काढ, म्हणजे कोड मागे घ्यायची वेळ आली तरी अडत नाही. पोस्टग्रेसवर इंडेक्स टाकताना कॉन्करंटली विसरलास तर टेबलवरची लिखाई थांबते, म्हणजे परत किटल्यांची रांग.
आणि एकदा बॅकअप रिस्टोर करून बघ रे. आरडीएस जुन्या डेटाबेसवर रिस्टोर करत नाही, नवीन इन्स्टन्स बनवतं, नवीन एंडपॉइंट (डेटाबेसचा पत्ता) येतो, तो अ‍ॅपमध्ये कुठे बदलायचा ते आत्ताच लिहून ठेव. सुरुवातीला तो स्लो पण वाटेल कारण डेटा मागून भरत असतो, घाबरू नको.
21 च्या पहाटेचा ग्राफ टाक इथे.

फॅट_एसएनएफ
21 चं सांगतो. जॉब पाच वीसला संपला, सकाळी एक पण फोन नाही, उलट साडेसहाला मीच एका सचिवांना फोन केला, चालतंय ना म्हणून, तर म्हणाले कशाला उठवलंस, म्हणजे मला म्हणायचंय रांग सोडून फोन कशाला घ्यायला लावलास. फॉन्टचं या आठवड्यात घेतोय. ताई तुमच्याकडे कुठली लायब्ररी आहे पीडीएफला, जोडाक्षरं नीट येतात का त्यात?