इजा होत नाही कशी?
‘पांढरपेशा गुन्ह्यात, म्हणजे आर्थिक घोटाळ्यांसारख्या गुन्ह्यात, कुणाला इजा होत नाही, मग तुरुंग कशाला, जबर दंड करा’ हे मत मला अजिबात पटलं नाही. घोटाळ्यात बुडालेल्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचंच घ्या. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. आणि दंड सहसा सरकारजमा होतो, ठेवीदाराच्या हाती काय लागतं?

माझ्या मावशीची गुडघ्याच्या ऑपरेशनसाठीची ठेव अशीच दुसऱ्या एका सहकारी बँकेत अडकली. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती दर सोमवारी जायची. शिपाई दारातूनच ‘नाही’ म्हणून हात हलवायचा. ऑपरेशन तीन वर्षं लांबलं. तोवर ती काठीवर आली होती.