जुनं कनेक्शन लगेच तोडू नका
घरच्या इंटरनेटसाठी १०० एमबीपीएस स्पीडचे पैसे भरून रात्री १५ सुद्धा मिळत नाही म्हणून तुम्ही कंपनी बदलायला निघालात, ते समजू शकतो. फक्त आधी लॅपटॉपला थेट लॅन केबल लावून स्पीड बघा. केबलवर पूर्ण स्पीड येत असेल तर दोष वायफायचा. राउटरचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर असेल तर ५ च्या बँडवर घ्या, नाहीतर त्याची जागा बदला. नवी कंपनी आणूनही हा त्रास तसाच राहील.

केबलवरही रडत असेल तर मात्र बदलाच. पण जाहिरात पाहून नको. एकाच कंपनीची सेवा एका इमारतीत उत्तम आणि पलीकडच्या गल्लीत भिकार असू शकते, कारण घरापर्यंतची वायर पुष्कळदा स्थानिक केबलवाल्याच्या हातात असते. शेजाऱ्यांनाच विचारा: रात्री नऊ-दहाला नेट कसं चालतं, वायर तुटली की माणूस कधी येतो? आमच्याकडे पावसाळ्यात फायबरच्या डबीवरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा लाल दिवा लागला की दिवसचे दिवस कोणी फिरकत नसे.

सहा महिन्यांवर कितीही सूट दिली तरी सुरुवातीला एकाच महिन्याचे पैसे भरा. नवं नीट चाललं की मगच जुनं बंद करा. मोबाइलसारखं पोर्टिंग इथे नाही, त्यामुळे बंद करायची विनंती आपणच लेखी द्यायची आणि राउटर परत केल्याची पावती जपून ठेवायची. डिपॉझिट अडवलं तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवा, तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा, शिवाय १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहेच. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.