जपानला सफरचंदाच्या बागेत कामाला कुणी गेलंय का?

परळची_मेधा:
नमस्कार. माझा धाकटा भाऊ दापोलीहून बीएस्सी ॲग्री झालाय. त्याला जपानला, आओमोरीत सफरचंदाच्या बागेत कामाला जायचंय. अंधेरीचा एक एजंट साडेतीन लाख मागतोय आणि पावती मिळणार नाही म्हणतो. आईची झोप उडालीय. जाऊन आलेलं कुणी आहे का?

भांडुपचा_दिगंबर:
मेधाताई, मी हिरोसाकीजवळ तीन वर्षं काढली, २०२५ला परत आलो. पावती नाही तर एक रुपया देऊ नका. व्हिसा ‘तोकुतेई गिनो’च हवा, म्हणजे ठराविक कौशल्याच्या कामगारांचा, त्याचा भारत-जपान करार २०२१चा आहे. शेतीची परीक्षा आणि जपानी भाषेची एन४ पातळीची परीक्षा द्यावी लागते. पहिल्या टप्प्यात एकूण पाच वर्षं राहता येतं, बायको-मुलांना नेता येत नाही.

काम म्हणजे हातांची परीक्षा. उन्हाळ्याच्या तोंडाला शिडीवर उभं राहून एकेका बारक्या फळाला कागदी पिशवी बांधायची. पुढे पिशव्या काढून सावली पाडणारी पानं खुडायची आणि फळ देठावरच हलकेच फिरवायचं, म्हणजे मागची बाजूही लाल होते. जरा जोर झाला की फळ हातात येतं. पहिल्या दिवशी माझ्या हातून अकरा गेली. झाडाखाली चंदेरी कागद अंथरतात, खालूनही ऊन मिळावं म्हणून. पिशवी न बांधलेलं फुजी जातीचं फळ जास्त गोड, बांधलेलं जास्त टिकतं. नोव्हेंबरात तोडणी, तेव्हा इवाकी डोंगराचा माथा पांढरा झालेला असतो.

आमची रत्नागिरीला कलमं आहेत, राखणीला नेपाळी गडी असतात. तिकडे बागवाल्या आजींनी माझं नाव तीनदा विचारून कागदावर लिहून घेतलं. तेव्हा लक्षात आलं, आमच्या गड्याला मी वर्षानुवर्षं नुसतं ‘गुरखा’ म्हणतोय. त्या रात्री वडिलांना फोन करून त्याचं नाव विचारलं. त्यांनाही सांगता आलं नाही.

ठाणेकर_वैशाली:
एजंट ‘ट्रेनी’ म्हणतोय का ते आधी विचारा. १९९३पासूनच्या त्या प्रशिक्षणार्थी कामगारांच्या योजनेत मालक बदलणं जवळपास अशक्य. २०२४च्या कायद्याने ती बंद होऊन एप्रिल २०२७पासून नवी योजना येतेय. तोकुतेई गिनोत त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो.

परळची_मेधा:
एजंट ‘ट्रेनी’च म्हणाला होता! दिगंबरदादा, पगाराचं आणि थंडीचं काय?

भांडुपचा_दिगंबर:
किमान वेतन २०२५च्या वाढीनंतर सगळ्याच प्रांतांत ताशी १००० येनच्या वर गेलंय. पण कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी यांचे कायद्यातले नियम शेतीला लागू नाहीत, म्हणून तास, सुट्टी, जादा कामाचे पैसे आणि खोलीभाडं करारात लिहूनच घ्या. हिवाळ्याचं वेगळं विचारा. गुडघाभर बर्फात फांद्या छाटायचं काम असतं, ते नसेल तर पगार किती?

एन४ची परीक्षा मुंबईत होते, जुलै आणि डिसेंबरला. करार हातात आला की सही करण्याआधी मला दाखवा. रविवारी दुपारी मी घरीच असतो, भावाला घेऊन या. आईंनाही आणा.