नजर ५ किलोमीटर, तर देवयानी कशी दिसते?

रानवाटा: काल साधासरळ यांनी लिहिलं, "माणसाची नजर फार तर ५ किलोमीटर जाते. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते म्हणणारे थापा मारतात." वाचून राहवलं नाही. अहो, नजर कुठेच जात नाही! प्रकाश आपल्याकडे येतो. अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमने हे ११व्या शतकात मांडलं. ५ किलोमीटर म्हणजे समुद्रकाठी उभं राहिल्यावर दिसणारं क्षितिज. तिथे पृथ्वीची गोलाई आड येते, डोळा कमी पडत नाही.

साधासरळ: शिकवणी नको. सिंहगडावरून तोरणा दिसतो, तिथला माणूस दिसत नाही. म्हणजे नजरेला मर्यादा आहेच ना?

भिंगवाला: आहे, पण ती अंतराची नाही, कोनाची. चांगला डोळा १०० मीटरवर साधारण ३ सेंटिमीटरचा फरक ओळखतो. तारा त्या मानाने कितीतरी बारीक, तरी दिसतो, कारण त्याचा उजेड पुरेसा पोहोचतो. त्याच माणसाने रात्री तोरण्यावरून जोराची बॅटरी मारू दे, ठिपका दिसेल.

बंदरकर: क्षितिजाचं खरंय. आजोबा वाळूत बसून दाखवायचे, येणाऱ्या मचव्याची आधी डोलकाठी दिसते, नाळ मागाहून. देवयानीही अंगणातल्या खाटेवरून त्यांनीच दाखवली. आता नाक्यावर हायमास्ट उभा केलाय, तिच्याजवळचा शर्मिष्ठा तारकासमूहसुद्धा धड दिसत नाही. गावाचं आभाळ घालवलं!

पायवाट: आभाळ घेऊन बसलात! त्याच नाक्यावर अंधारात माझ्या आईला फुरसं चावलं होतं. तीन आठवडे इस्पितळात काढले आम्ही. दिवा हवाच.

बंदरकर: दिवा नको असं मी कुठे म्हटलं? वरून झाकण घाला, उजेड रस्त्यावर पडू दे. आभाळात फुरशी नसतात.

पायवाट: झाकण घाला, चालेल. दिवा काढायची भाषा केलीत तर मी ग्रामसभेत उभी राहीन.

रानवाटा: मूळ मुद्द्यावर या. साधासरळ, अमावास्येच्या आसपास शेतावर जा, मोबाईल न काढता अर्धा तास थांबा. डोळा अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो. शर्मिष्ठेच्या जवळच शोधा, आणि रोखून पाहू नका, किंचित बाजूला पाहा.

साधासरळ: जाऊन आलो. रोखून पाहिलं की नाहीसा, बाजूला पाहिलं की पांढुरका डाग. तीच देवयानी असेल तर 'थापा' हा शब्द मागे घेतो. पण २५ लाख वर्षांत उजेड विझत कसा नाही?

भिंगवाला: विझत नाही, पसरतो. अंतर दुप्पट झालं की पाव उरतो. वाटेत काही आडवं आलं नाही, तर चालतच राहतो.